सोमाजीच्या घड्याळातली लाल ओळ

प्रिय अहो,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. इतक्या दिवसांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. बाकीच्या बायका नवऱ्याच्या फोटोशी बोलतात म्हणे. मला ते जमत नाही. फोटोतसुद्धा तुम्ही माझ्याकडे न बघता भलतीकडेच बघताय!

आज लिहायला बसले त्याला कारण आहे. येत्या बुधवारी सावली गावाजवळच्या ढिवरांच्या मच्छीमार संस्थेच्या बैठकीत मी उभी राहून तुमच्याविषयी एक गोष्ट सांगणार आहे. ती चांगली नाही. तुमच्या पाठीमागे बोलायची मला कधी सवय नव्हती, म्हणून आधी तुम्हाला सांगते.

तेरावं झालं आणि तुमच्या ठाण्याच्या कर्णिकांचा फोन आला. तेच तुमच्यासारखे घड्याळवेडे कर्णिक, ज्यांचं पत्र आलं की तुम्ही भात अर्धा टाकून उठायचा. "वहिनी, फार वाईट झालं," म्हणाले. मग जरा थांबून, "वहिनी, ती लाल ओळीची डायल कुठे ठेवलीय हो त्यांनी? जपा हं. ओला हात लावू नका." गेल्या महिन्यात पुन्हा फोन. गेल्या आठवड्यात तिसरा. "तुमच्या लक्षात येत नाहीये वहिनी. अशा डायली फार थोड्या उरल्यात. लाल ओळ, आणि त्यात फूट आधी, मीटर नंतर!"

माझ्या लक्षात येत नाही! ज्या लाल ओळीने माझी बारा वर्षं खाल्ली, ती माझ्या लक्षात येत नाही!

कर्णिकांना काय ठाऊक, मला हे सगळं कुणी शिकवलं ते. लग्नानंतरची पहिली वर्षं आठवतात तुम्हाला? सावलीचं ते सरकारी क्वार्टर, खिडकीबाहेर धानाची बांधी. पाटबंधारे खात्यातल्या एका इंजिनीअरला वेड कसलं लागावं, तर खोल समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेल्या जुन्या परदेशी घड्याळांचं! समुद्र इथून शेकडो मैल लांब. आणि पोहता तुम्हाला येत नव्हतं.

ऑफिसातून आलात की चहाचा कप घेऊन खिडकीपाशी बसायचा. टेबलावर हिरवं कापड, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. "नलू, इकडे ये. दोन्ही बघ. काय फरक?" मला नुसत्या दोन काळ्या डायली दिसायच्या. "नीट बघ." मग तुम्हीच सांगायचा. हिच्यावर खोली आधी फुटांत लिहिलीय, तिच्यावर आधी मीटरमध्ये. या सहाच्या आकड्याची वाटी बंद आहे, त्या सहाची किंचित उघडी. रेडियमचे हे ठिपके पांढरेफेक आहेत, म्हणजे मागाहून कुणीतरी भरलेले. हे बघ, तुपाच्या रंगाचे झालेत, हे खरे. आणि अक्षरं लाल असतील तर ती आधी पांढरी छापून वर लाल चढवतात, म्हणून कडेला केसाएवढं पांढरं डोकावतं.

मला ते आवडायचं हो. भिंग एकच असायचं, त्यामुळे तुमचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी मी, मैत्रिणी कुठल्या कुठे गेल्या, आणि मी सावलीत बसून सहाची वाटी उघडी की बंद ते बघत होते, आणि सुखात होते!

मग तुम्हाला कर्णिक मिळाले आणि मला हाक मारणं थांबलं. केसाएवढं पांढरं दिसणारे तुमचे डोळे! माझी उजवीकडची दाढ काढली, पुढे वर्षभर मी डाव्या बाजूने चावत होते. तुमच्याच समोर बसून. दिसलं तुम्हाला?

असो. सोमाजीबद्दल बोलते.

सोमाजीभाऊ ढिवर. खात्याच्या तलावाच्या गेटमध्ये फांद्या, लाकडं अडकली की तुमची माणसं त्यालाच बोलवायची. कुणी बुडालं तर पोलीसही त्याच्याच दारी. दम धरून तळाला जायचा आणि रिकाम्या हाताने वर यायचा नाही. बुडालेला माणूस काढून दिल्याचे पैसे तो घेत नसे. त्यांच्यात ते घेतच नाहीत. नारळ द्या, धोतर द्या. फार वर्षांपूर्वी वैनगंगेवर सर्वेला आलेल्या एका गोऱ्या साहेबाचा सोबती बुडाला. सोमाजीने तिसऱ्या दिवशी तो काढून दिला. साहेबाने नोटा पुढे केल्या, याने हात मागे घेतले. तेव्हा साहेबाने रडत रडत स्वतःच्या मनगटातलं घड्याळ काढून याच्या मनगटात बांधलं. ते हे घड्याळ.

शहाण्णवची दिवाळी होऊन गेली होती. सोमाजी आला तो काचेच्या आत धुकं धरलेलं घड्याळ घेऊन.

"साहेब, माही घडी पानी पेली. बंद पडून राह्यली."

तुम्ही ते हातात घेतलंत आणि तुमचा चेहराच बदलला. मी चहा आणत होते, मला दिसलं. सोमाजीने मला थांबवलं.

"बाई, तुमी इंग्रजी शाळेतल्या. हे लाल अक्षरं का म्हनते, वाचून सांगा नं. वीस वर्स झाले, कोनी सांगतलं नाई मले."

मी खिडकीशी जाऊन वाचलं. धुक्यातूनही ओळ स्पष्ट होती. आधी इंग्रजीत मोठ्याने वाचली, मग मराठीत सांगितली. "किती खोल पाण्यात हे घड्याळ चालतं, ते लिहिलंय, सोमाजीभाऊ. सहाशे साठ फूट."

"अरे बापा!" तो हसला. "आपला तलाव तं हत्तीले बी बुडवत नाई! पन बाई, हे अक्षर लय कामाचं. नदीच्या डोहात पानी निवळलं का मी हे पाहून उतरतो. वर हाये तोवर लाल. खाली गेलं का काळं होते. काळं झालं का समजाचं, सोमाजी, आता फिर मांगं. छातीतला दम खोटं बोलते, हे नाई बोलत."

पाण्याखाली लाल रंग आधी जातो, हे तुम्हाला पुस्तकातून ठाऊक होतं. त्याला अंगावरून ठाऊक होतं. तो गेल्यावर तुम्ही माझा दंड धरलात. मला वाटलं, त्या माणसाच्या हुशारीने तुम्ही हलून गेलात. तुम्ही म्हणालात, "ऐकलंस ना? लाल ओळ! मूळ आहे, मूळ!"

तीन आठवड्यांनी तो घड्याळ न्यायला आला. हातात शिंगाड्यांची पिशवी, तलावातून ताजे काढलेले. तुम्ही घड्याळ दिलंत. चकचकीत, टिकटिकणारं. त्याने ते कानाला लावलं, हसला. मग डोळ्यांसमोर धरलं आणि त्याचं हसू हळूहळू गेलं.

"साहेब, लाल अक्षरं कुठी गेले?"

"कुठली लाल?"

"इथी होते नं. ह्या ठिकानी."

"लाल नव्हतीच, सोमाजी. आत पाणी गेलं होतं, गंज आला होता, त्याने तुला तसं दिसलं असेल. मी आतून साफ केलंय."

"वीस वर्स पाह्यलो, साहेब."

तुमच्या टेबलावर एका मेलेल्या घड्याळाची डायल होती, त्याच कंपनीची, नंतरच्या काळातली, सगळी अक्षरं पांढरी. ती महिनाभर तिथे पडलेली मी बघत होते. आता ती तिथे नव्हती. तेवढ्यावरून मला सगळं कळलं. तुम्हीच तर शिकवलं होतंत मला बघायला!

सोमाजी माझ्याकडे वळला. "बाई, तुमीच तं वाचून सांगतलं मले. सांगा नं साहेबाले."

आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत. किती वर्षांनी! "सांग याला, नलू. तू बघितली होतीस ना डायल? काय रंग होता?"

बारा वर्षं मी स्वतःला विचारत आले, की मी तसं का बोलले? तुमची भीती होती? नाही. तुम्ही कधी हात उगारला नाहीत, आवाजसुद्धा नाही. साहेबाची बायको म्हणून? थोडं तेही असेल. पण खरं कारण लिहिताना लाज वाटते. तुम्ही मला नलू म्हणालात. टेबलाशी मला पुन्हा जागा दिलीत. डायलीतला फरक मला विचारलात. त्या एका हाकेवर मी विकली गेले.

मी म्हणाले, "नाही हो सोमाजीभाऊ. पांढरीच होती."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग स्वतःच्या तळहाताकडे. जणू तोही नीट दिसतोय का ते बघत होता. "बाई म्हनते तं असन," म्हणाला. "माह्याच डोळ्याले झालं असन काई." शिंगाड्यांची पिशवी दारात ठेवली आणि गेला.

ते शिंगाडे मी उकडले. तुम्ही मीठ लावून खाल्लेत. "छान गोड आहेत," म्हणालात.

त्यानंतर आपण दोघं त्याविषयी एक शब्द बोललो नाही. टेबलाशी हाक? तीही पुन्हा आली नाही. पुढच्या वर्षी गडचिरोलीला बदली झाली, इथेच घर बांधलं. सोमाजी मागे राहिला, असं तुम्ही मानलंत. मी मानलं का? भाजीवाली टोपलीत शिंगाडे घेऊन बसली की मी रस्ता बदलायचे. तुम्ही विचारलंत कधी, आपल्या घरी शिंगाडे का येत नाहीत ते?

एक राग मात्र जात नाही. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, तुम्ही शुद्धीत होता. माझा हात धरून म्हणालात, "खणातलं सगळं कर्णिकांना दे. त्यांना कळेल." वाक्य पूर्ण करण्याइतकी ताकद होती तुमच्यात. त्यात एक नाव आणखी मावलं नसतं? मी वाट बघत होते हो! तुमच्या ओठांकडे बघत बसले होते.

कर्णिकांच्या तिसऱ्या फोननंतर मी खण उघडला. फिल्मच्या रोलच्या डब्या ओळीने लावलेल्या. प्रत्येकीत कापूस, कापसात डायल, आणि तुमच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी: कुठून आली, कुणाकडून, काय वेगळं. शेवटच्या डबीत ती होती. उन्हात धरली. लाल ओळ, कडेला केसाएवढं पांढरं. आणि चिठ्ठी: "सावली. सोमाजी ढिवर याच्या घड्याळातील. मूळ."

किती वेळ ती चिठ्ठी हातात घेऊन बसले होते मी! माणसाशी खोटं बोलता आलं तुम्हाला. माझ्याकडून बोलवून घेता आलं. पण डायलीशी नाही! कुठून आली ते चुकीचं लिहिलं तर संग्रहाला डाग लागला असता, नाही का? डबीत खरं आणि दारात खोटं. बारा वर्षं ते खरं कापसात गुंडाळून ठेवलंत तुम्ही.

दुसऱ्या दिवशी एसटीने सावलीला गेले. तिथून रिक्षाने तलावाकडे. आपल्या मंगेशला पुण्याला फोन केला होता. तो म्हणाला, "आई, गुपचूप देऊन ये हवं तर. बाबांचं नाव कशाला?" तुमचाच मुलगा.

सोमाजी अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. पार वाळलाय, पण बोटं चालतात. मला त्याने ओळखलं. साहेब गेले, हे त्याने ऐकलं होतं. "मानूस चांगला होता," म्हणाला.

"सोमाजीभाऊ, आता पाण्यात जाता का?"

तो जाळ्याची गाठ ओढत राहिला. त्याची सून शेवंता सूप घेऊन दारात उभी होती, ती बोलली. "कुठचं जाते! बारा वर्स झाले सोडून. पोलीस आले तं बुढा म्हने, माह्या डोळ्याचा भरोसा नाई, दुसरा पाहा. तुमच्या साहेबाकडून घडी आनली नं, तेव्हापासून हेच. लाल दिसत नाई म्हने. सारा गाव हासे. संस्थेच्या बैठकीत बी विचारत, काऊन सोमाजी, आज कोन्ता रंग दिसून राह्यला?"

"चूप बस वो," सोमाजी म्हणाला.

"काऊन चूप बसू? खोटं हाये का?"

अहो, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, आपण त्याची एक तबकडी घेतली. आपण त्याचं पाणी घेतलं! ज्याच्या शब्दावर पोलीस नदीत दोर सोडायचे, त्या माणसाने माझ्या एका वाक्यावर स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवलं. बाई म्हनते तं असन!

मी डबी उघडून त्याच्या तळहातावर ठेवली. "सोमाजीभाऊ, ही तुमची. साहेबांनी काढून घेतली होती. लाल होती. मी वाचली होती. मी खोटं बोलले."

त्याने डायल दोन बोटांत धरून उन्हात फिरवली. शेवंता सूप ठेवून जवळ आली. मग तो आपल्याशीच म्हणाला, "मंग माहे डोळे बरोबर होते."

रागावला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, माहा भाचा बुडाला तेव्हा बी मी नाई गेलो. आलापल्लीहून मानूस आनला त्यायनं. दोन दिवस लागले."

तुम्ही असता तर काय बोलला असता?

आतून त्याने घड्याळ आणलं. फडक्यात बांधून कणगीत ठेवलेलं, कधीच बंद पडलेलं. "हे आता याच्यात बसन का?" मी म्हटलं, बसेल, मी बसवून आणते. आणि मी निघाले, तशी शेवंता आडवी आली.

"बाई, हे देऊन आमाले का फायदा? घडी बुढ्याच्या कामाची राह्यली नाई. लोकं त्याले पागल म्हनते, ते तुमी कसं दुरुस्त कराल? त्यायले सांगा. बुधवारी संस्थेची बैठक हाये तलावाच्या पाळीवर. या आन तिथी सांगा."

"जाऊ दे वो," सोमाजी म्हणाला. "साहेब मेला. मेल्या मानसाचं..."

"जित्या मानसाचं कोन पाह्यन मंग?"

मी बुधवारी येते म्हटलं. त्यावर सोमाजीने शेवंताला सांगितलं, "बाईले शिंगाडे दे थोडे." ती म्हणाली, "कायले?" पण आणून दिले. एसटीत मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. घरी आणल्यावर उकडले नाहीत. टाकलेही नाहीत.

आमच्या शाळेत खोटं बोललेल्या मुलीला सिस्टर मारत नसत. वर्गासमोर उभं करून खरं वाक्य मोठ्याने म्हणायला लावत. एकदाच. मला ती शिक्षा कधी झाली नव्हती. मी फार शहाणी मुलगी होते.

मला तुमची आठवण येत नाही असं समजू नका. संध्याकाळी खिडकीशी हात आपोआप दुसरा कप ठेवतो. तुमच्यावर इतका राग धरून बसायला मला तुमच्याशिवाय दुसरं आहेच कोण? पण म्हणून तुम्हाला झाकायचं, असं आता होणार नाही. बारा वर्षं झाकलं आपण दोघांनी. त्यातली तुमची वर्षं संपली, माझी उरली आहेत.

तेव्हा तुम्हाला शब्द देते. चंद्रपूरच्या कारागिराकडून परवा घड्याळ येईल, लाल ओळ जागेवर बसवून. बुधवारी मी ते घेऊन तलावाच्या बांधावर, त्या पाळीवर जाईन. ज्यांनी ज्यांनी सोमाजीला रंग विचारला, त्यांच्यासमोर उभी राहीन. ती ओळ आधी इंग्रजीत वाचीन, मग मराठीत, तेव्हा वाचली होती तशीच. मग सांगेन, की ही लाल होती, माझ्या नवऱ्याने ती काढून घेतली, आणि मी बघूनही नाही म्हणाले. तुमचं नाव पूर्ण घेईन, माझंही. मग घड्याळ सोमाजीच्या मनगटात माझ्या हाताने बांधीन.

बाकीच्या डब्या कर्णिकांना पाठवते आहे, तुमच्या इच्छेप्रमाणे. ही एक रिकामी डबी खणात तशीच ठेवली आहे, तुमच्या चिठ्ठीसकट. तुमच्या "मूळ" या शब्दाखाली मी एवढंच लिहिलंय: "ज्याची त्याला दिली. रंग लाल. बघितला, नलिनी."

तुमचीच,
नलू